प्रीडायबेटिस निघाला, साखर बंद केली, आता पोळीचं काय करू?

चहाबाज_४४ | १८ मे २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑफिसच्या वार्षिक चेकअपमध्ये या वेळी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.२ टक्के आलं आणि उपाशीपोटीची शुगर ११२. वय ४४, उंची पाच फूट सात, वजन ६८. म्हणजे जाडा म्हणता येणार नाही पण शर्ट खोचला की पोट दिसतं. वडिलांना पन्नाशीत डायबेटिस लागला होता. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दोन मिनिटांत सांगितलं, प्रीडायबेटिस आहे, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, आत्ता गोळी नको, कार्ब्ज (कर्बोदकं) कमी करा, चाला, तीन महिन्यांनी या. जिना उतरताना लक्षात आलं की कार्ब्ज कमी म्हणजे नक्की काय आणि किती कमी हे विचारायचंच राहिलं.

तर त्या दिवसापासून साखर बंद. चहा बिनसाखरेचा (माझं नाव बघा आणि कल्पना करा), आंबा बंद. मे महिन्यात घरात देवगडची पेटी उघडलेली आहे आणि मी पडवळाची भाजी खातोय. दहा दिवसांनी न राहवून ग्लुकोमीटर आणला आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बघितलं तर १७१! पोटात साखरेचा एक कण गेलेला नाही हो. मशीन बिघडलंय का मी?

सोलापुरी_कडक | १८ मे, रात्री ११:०५

गहू सोडा. सगळा दोष गव्हाचा आहे. ज्वारीची भाकरी चालू करा, आमच्या आज्जाला नव्वदीपर्यंत काही झालं नाही, भाकरी खायचा दोन्ही वेळेला.

आत्याबाई | १८ मे, रात्री ११:२०

आजोबा भाकरी खाऊन शेतात जायचे, हे भाकरी खाऊन एक्सेल उघडणार :) असो. चहाबाज, दिवसभरात काय काय खाता ते सगळं लिहा आधी. खरं लिहा. "थोडासा भात" असं लिहू नका, वाटीत सांगा.

चहाबाज_४४ | १९ मे, सकाळी ७:३१

रिपोर्टच्या आधीचं लिहितो. सकाळी दोन कप चहा, कपाला दोन चमचे साखर, चार बिस्किटं. नाश्ता पोहे किंवा उपमा, एक मोठी डिश. डब्यात चार पोळ्या, भाजी, कधी उसळ. चारला चहा आणि परत बिस्किटं. रात्री दोन पोळ्या आणि दीड वाटी भात वरण. जेवण झाल्यावर एखादं फळ. यात वावगं काय आहे तेच कळत नाही, साधं घरचं जेवण आहे, बाहेरचं महिन्यातून दोनदा फार तर.

लीड्सकर | १९ मे, दुपारी २:१४

मी तुमच्या दीड वर्ष पुढे आहे म्हणून लिहितो. इथे इंग्लंडात एचबीए१सी टक्क्यांत देत नाहीत, माझा आकडा ४४ आला होता आणि मी घरी पुण्याला फोन करून सांगितल्यावर आई रडायलाच लागली, तिला वाटलं ४४ टक्के. इकडे ४२ ते ४७ म्हणजे प्रीडायबेटिस, तुमच्या भाषेत ४४ म्हणजे ६.२ च. म्हणजे आपण जुळे भाऊ.

आता तुमचा हिशेब. पॅकेटवरचे आकडे वाचायची सवय इथे लागली त्यामुळे डोक्यात असतात. कणीक १०० ग्रॅम घेतली तर त्यात साधारण ६५ ग्रॅम कार्ब्ज (म्हणजे स्टार्च आणि साखर, दोन्हींची रक्तात शेवटी साखरच होते). एका पोळीला ३५ ग्रॅम कणीक धरू, म्हणजे पोळीमागे २३. डब्यातल्या चार पोळ्यांचे झाले ९२. रात्रीच्या दोनचे ४६. दीड वाटी शिजलेला भात ५० च्या आसपास. पोहे, कोरडे ६० ग्रॅम धरले तरी ४५. आठ बिस्किटांचे ४०. डाळ, भाजी, फळ, दूध सगळं मिळून अजून ४० धरा. आणि चहातली साखर, तीन कप गुणिले दोन चमचे, ३० ग्रॅम.

बेरीज करा. ३४० च्या वर जाते. आणि तुम्ही बंद काय केलंत, तर त्यातले ३०.

मशीन ठीक आहे तुमचं.

चहाबाज_४४ | १९ मे, दुपारी २:४०

च्यायला.

पिठलंप्रेमी | १९ मे, संध्याकाळी ६:१८

लीड्सकर +१. हाच धडा मला शिकायला एक वर्ष लागलं. मी तर साखरेऐवजी गूळ सुरू केला होता आणि वर "नैसर्गिक आहे" म्हणून कपात दीड चमचा जास्तच. गुळाने आणि मधाने शुगर वाढत नाही असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो भेटला पाहिजे एकदा. तसंच ते "शुगर फ्री" लिहिलेली बिस्किटं, साखर नाही पण मैदा आहेच ना आत, मैद्याचं शेवटी रक्तात काय होतं?

सोलापुरी_कडक | १९ मे, रात्री ९:०२

म्हणूनच म्हणतो भाकरी. भाकरीत कार्ब्ज नसतात.

लीड्सकर | १९ मे, रात्री १०:३५

दादा असतात की. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला ६७-६८, नाचणीत तेवढेच, बाजरीत थोडे कमी, ६२ वगैरे. आणि फायबर म्हणाल तर न चाळलेल्या कणकेतही जवळपास भाकरीइतकंच असतं. मैदा आणि कणीक यांत फरक मोठा आहे, कणीक आणि ज्वारी यांत आपण समजतो तेवढा नाही. एक काम करा, वहिनींना एका भाकरीचं पीठ वजन करायला सांगा.

सोलापुरी_कडक | २० मे, रात्री ८:४७

केलं वजन. ७० ग्रॅम भरलं. आमची मोठी असते.

लीड्सकर | २० मे, रात्री ८:५९

म्हणजे एक भाकरी बरोबर दोन पोळ्या. वाईट आहे असं नाही म्हणत हं. एका भाकरीत माणूस थांबतो, पोळी मऊ असते, बोलता बोलता चौथी कधी गेली कळत नाही. पण "भाकरी आहे, कितीही खा" हे खरं नाही एवढंच.

सोलापुरी_कडक | २० मे, रात्री ९:१०

मी तीन खातो दोन्ही वेळेला. जाऊ द्या, उद्या माझीच शुगर बघतो.

वैद्यकीय_मामा | २० मे, रात्री ११:५०

मी फिजिशियन आहे, इथे कोणाचा रिपोर्ट बघून औषध सांगणार नाही, ते आधीच स्पष्ट करतो. बाकी सांगण्यासारखं सांगतो.

एचबीए१सी ५.७ ते ६.४, उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, हा प्रीडायबेटिसचा पट्टा. याच्या वर गेलं आणि पुन्हा तपासूनही तसंच आलं की डायबेटिस.

चहाबाज म्हणतात मी जाडा नाही. इथेच आपण भारतीय फसतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक गमतीशीर फोटो छापला होता, ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. आणि शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी. म्हणून आपल्याकडे २३ च्या वर बीएमआय गेला की वजन जास्त धरतात आणि त्याहून महत्त्वाचा कंबरेचा घेर, पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. टेप बेंबीपाशी लावून मोजा, पॅंटचा नंबर सांगू नका, पॅंट आपण पोटाखाली घालतो.

आणि कार्ब्ज शून्य करायचे नाहीयेत. आपली जेवणं अशी आहेत की ताटात मुख्य पोळी-भात आणि बाकी सगळं तोंडीलावणं. ते उलटं करायचंय. उसळ मुख्य आणि पोळी तोंडी लावायला.

आत्याबाई | २१ मे, सकाळी ६:५५

मामांचं शेवटचं वाक्य लॅमिनेट करून फ्रीजवर लावणार आहे.

षड्यंत्र_उघड | २१ मे, सकाळी ११:३०

हा सगळा फार्मा कंपन्यांचा खेळ आहे. आधी १४० पर्यंत नॉर्मल होतं. मग १२६ केलं. मग ११० चं १०० केलं. आकडा खाली आणला की रातोरात कोट्यवधी पेशंट तयार. प्रीडायबेटिस नावाचा रोगच नाही.

वैद्यकीय_मामा | २१ मे, रात्री १०:२०

आकडे बरोबर सांगितलेत तुम्ही, कबूल. १९९७ मध्ये डायबेटिसची उपाशीपोटीची रेषा १४० वरून १२६ वर आली आणि २००३ मध्ये अमेरिकन डायबेटिस संघटनेने प्रीडायबेटिसची ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना आजही ११० च धरते. तेव्हा १०२ आलेल्या माणसाने झोप उडवून घेऊ नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

पण रोग नाही म्हणून सोडून द्यावं तर आपल्याच देशातला अभ्यास बघा. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने केला, २००६ ला प्रसिद्ध झाला. ग्लुकोज पिऊन तपासल्यावर या पट्ट्यात सापडलेली पाचशेवर माणसं, तीन वर्षं मागोवा. ज्यांना नेहमीचा जुजबी सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. ज्यांच्याकडून खाणं आणि चालणं करून घेतलं त्यांच्यात ३९ टक्के. म्हणजे सगळे वाचले नाहीत हेही खरं, आणि फरक पडला हेही खरं. आणि यात औषध कंपनीला काय मिळालं सांगा, चालण्याची गोळी निघालेली नाही अजून.

षड्यंत्र_उघड | २१ मे, रात्री १०:४१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पणजीचो | २२ मे, दुपारी १:०३

गोंयकार बोलतोय. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) तो मोठा सर्वे आला ना, इंडियाब नावाचा, त्यात डायबेटिसमध्ये अख्ख्या देशात पहिला नंबर आमचा, २६.४ टक्के. ट्रॉफी नको होती. आणि आम्ही तर मासे खाणारे, प्रोटीन भरपूर. पण ताट बघितलं तर डोंगर शिताचा (भाताचा) आणि हुमण (माशाची आमटी) त्याच्यावर ओतायला, बांगड्याचा एक तुकडा बाजूला. मी आता दोन बांगडे आणि शीत एक वाटी घेतो, तेही उकडे तांदूळ. उकड्या तांदळाने शुगर जरा सावकाश चढते पण वाटी मोजूनच, नाहीतर उकडा उकडा म्हणून परत डोंगर.

मंगळागौर७९ | २२ मे, रात्री ९:३३

थोडं वेगळं. मला ६.१ आलं होतं मागच्या वर्षी, घाबरून मी भात पोळी सगळं जवळजवळ सोडलं, केस गळायला लागले, चिडचिड. मग दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं हिमोग्लोबिन किती, ते ९.२. त्यांनी सांगितलं लोह कमी असलं की एचबीए१सी खोटंच जास्त येऊ शकतं. लोहाच्या गोळ्या घेतल्या, चार-पाच महिन्यांनी परत केलं तर ५.७. तेव्हा बायकांनो, अंगावरून जास्त जात असेल, थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन बघा. मामा, बरोबर ना हे?

वैद्यकीय_मामा | २२ मे, रात्री ११:१५

बरोबर. आणि थॅलेसेमिया मायनर (जन्मजात रक्तदोषाचा सौम्य प्रकार) किंवा रक्तपेशी लवकर फुटणारे काही आजार असतील तर उलटं होतं, आकडा खोटा कमी येतो. शंका आली की उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी, असं दोन्ही बघून ठरवतात.

पंचावन्न_मिनिटं | २३ मे, सकाळी ८:०८

एवढ्या प्रतिसादांत दीक्षित सरांचं नाव कोणीच घेतलं नाही? दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही, ४५ मिनिटं चाला. वजनं नको, काटा नको, हिशेब नको. माझं आठ किलो उतरलं.

पिठलंप्रेमी | २३ मे, सकाळी ९:४०

आलाच का शेवटी :) मीही केलं सहा महिने. चांगली गोष्ट ही की ती मधली बिस्किटं, फरसाण, चिवडा, "एक घास घे ना" हे सगळं एका झटक्यात बंद होतं आणि खरं तर निम्मं काम तिथेच होतं. माझं घोडं कुठे अडलं तर त्या ५५ मिनिटांत मी पाच पोळ्या आणि वर भात हाणायचो, कारण पुढे आठ तास काही मिळणार नाही ही भीती. वजन उतरलं पण जेवणानंतरचा आकडा वरच. मग दोन वेळाच ठेवल्या आणि ताटातलं बदललं तेव्हा जमलं.

वैद्यकीय_मामा | २३ मे, दुपारी ३:३०

एकच ओळ: ज्यांना आधीच शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी जेवणं कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाते. प्रीडायबेटिसवाल्यांना, गोळी नसेल तर, ही भीती नाही.

चहाबाज_४४ | २५ मे, रात्री ९:१२

सगळ्यांचे आभार. एक आठवडा करून बघितलं त्याचा अहवाल. डब्यात आता दोन पोळ्या, मोठा डबा भरून मटकीची उसळ नाहीतर छोले, काकडी-टोमॅटो, दही. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी. पोहे रविवारीच, त्यात निम्मे दाणे-मटार. रात्री भात किंवा पोळी, दोन्ही नाही. बिस्किटं गेली. जेवणानंतर १३८. परवा जेवून ऑफिसभोवती पंधरा मिनिटं चक्कर मारली तर १२४!

अडचण वेगळीच आलीये. आई. "भात सोडलास? घरात काही कमी पडलंय का? तुझ्या बाबांनीसुद्धा भात सोडला नव्हता." बाबांना डायबेटिसनेच नेलं हे तिला कसं सांगू. आणि बायकोला रोज माझं वेगळं आणि मुलांचं वेगळं करायला लागतंय.

आत्याबाई | २५ मे, रात्री १०:०१

आता मुद्द्यावर आलात. माफ करा पण जरा लांबण लागणार आहे.

घरातला पुरुष जेव्हा "मी डाएट सुरू केलं" म्हणतो तेव्हा डाएट तो करतो आणि काम बाई करते. आमच्याकडे हेच झालं. ह्यांचं ६.३ निघालं, ह्यांनी पेपर वाचत वाचत सांगितलं आजपासून मला पोळी नको, नाचणीचं काहीतरी कर, सकाळी मोड आलेलं काहीतरी, आणि चारला भूक लागते तर काहीतरी हलकं. काहीतरी काहीतरी काहीतरी! दोन महिने मी तीन चुली पेटवल्यासारखा स्वयंपाक केला आणि तिसऱ्या महिन्यात माझीच चाचणी केली तर माझं ५.९, कारण ह्यांच्या उरलेल्या पोळ्या आणि भात मीच संपवत होते, अन्न टाकवत नाही ना.

तेव्हापासून नियम एकच, वेगळा स्वयंपाक बंद. घरात सगळ्यांना एकच. उसळ दुप्पट, कणीक निम्मी. पिठलं, वरण, आमटी घट्ट. कडधान्य भिजत घालणं, मोड आणणं हे खातं ह्यांचं. कोशिंबिरीचं चिरणं ह्यांचं. पहिले पंधरा दिवस काकडी अशी चिरायचे की जणू लाकूड फोडतायत, आता बरी चिरतात. मुलं कुरकुर करतात त्यांना एक पोळी जास्त मिळते, संपला विषय.

मंगळागौर७९ | २५ मे, रात्री १०:०९

+१००. माझ्या नवऱ्याला हा प्रतिसाद फॉरवर्ड केलाय.

चहाबाज_४४ | २५ मे, रात्री १०:३०

आत्याबाई, वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. मटकी भिजत घालून आलो आत्ताच.

लीड्सकर | २६ मे, दुपारी १२:४५

अजून एक फुकटातली गोष्ट, खाण्याचा क्रम. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये छोटासा प्रयोग झाला होता, तेच जेवण, तीच माणसं, फक्त आधी भाज्या आणि चिकन खाल्लं आणि पाव-ज्यूस शेवटी घेतला तर जेवणानंतरची शुगर बरीच कमी चढली. आपल्या पंगतीत बरोबर उलटं आहे, पानावर पहिला मऊ भात, वरण, तूप, लिंबू, तोही रिकाम्या पोटी! मी आता कोशिंबीर आणि उसळ आधी निम्मी संपवतो मग पोळीला हात लावतो. लग्नात असं केलं तर वाढपी बघत राहतो, त्याला वाटतं पाहुण्याला भात आवडला नाही.

रात्रपाळी | २ जून, पहाटे ४:२०

आम्हा रात्रपाळीवाल्यांनी काय करायचं? कॅंटीनमध्ये रात्री तीनला वडापाव नाहीतर मॅगी. घरी येऊन चहा-खारी खाऊन झोप. ५.९ आहे, वय ३३.

पिठलंप्रेमी | २ जून, सकाळी ८:१५

भाजलेले दाणे आणि फुटाण्यांची डबी बॅगेत ठेवा, उकडलेली अंडी घरून न्या. तीनला अंडी-फुटाणे, भात-पोळीचं जेवण ड्यूटीला निघण्याआधी. खारी सोडा, खारी म्हणजे मैदा आणि डालडा. दाणे मूठभर हं, पाव किलो नाही, कार्ब्ज कमी असले तरी तेल भरपूर असतं.

चहाबाज_४४ | ७ जून, रात्री ९:५०

पेटीतले शेवटचे चार आंबे राहिलेत. एक विचारू का?

लीड्सकर | ७ जून, रात्री १०:२५

विचारू नका, खा. एका मध्यम हापूसचा गर दीडशे ग्रॅम धरला तर २२-२३ ग्रॅम कार्ब्ज. म्हणजे एक पोळी. एक पोळी कमी करा आणि आंबा कापून खा, जेवणात. वाटीभर आमरस, त्यात साखर आणि बरोबर सहा पुऱ्या, हे मात्र आंबा खाणं नव्हे.

(मला इथे जो मिळतो तो हापूस म्हणवत नाही, तेव्हा एक माझ्या वाटचा खा.)

सोलापुरी_कडक | १९ जून, रात्री ८:३०

तपासलं. ६.६. दुसऱ्यांदा केलं, ६.७. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तीन भाकरीची एक केली आहे आणि बरोबर शेंगदाण्याची चटणी, उसळ, कच्चा कांदा. भाकरी पातळ करायला सांगितली तर आई म्हणाली पातळ भाकरी पाहुण्यांना.

वैद्यकीय_मामा | १९ जून, रात्री ११:००

लवकर कळलं हे चांगलं झालं. डोळ्यांची तपासणी आणि लघवीतलं प्रोटीन एकदा करून घ्या, सुरुवातीलाच करायची असते.

चहाबाज_४४ | ६ जुलै, दुपारी ४:१०

आज आषाढी. एकादशी दुप्पट खाशी. एक प्लेट साबुदाण्याची खिचडी, दोन तासांनी १८९. आजवरचा उच्चांक. पांडुरंगा.

मंगळागौर७९ | ६ जुलै, संध्याकाळी ५:०२

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च हो, १०० ग्रॅमला ८५ च्या वर कार्ब्ज आणि प्रोटीन नावापुरतं. दाण्याचं कूट आहे म्हणून थोडं तरी. श्रावण येतोय, सोमवारी मी वरीचे तांदूळ थोडे आणि दाण्याची आमटी भरपूर असं करते, किंवा राजगिऱ्याचं थालीपीठ, ताक. वरी पण धान्यच आहे, तिचीही वाटी मोजायचीच. सासूबाई म्हणतात उपासाला मोजत नाहीत. मी म्हणते देव मोजत नसेल, मशीन मोजतं.

पिठलंप्रेमी | ६ जुलै, संध्याकाळी ५:४०

अवांतर: चहाबाज, रोज चार वेळा बोट टोचू नका, वेड लागतं. मी दंडावर चिकटवायचा तो १४ दिवसांचा शुगर मोजणारा सेन्सर लावला होता, पहिले तीन दिवस मजा, मग द्राक्ष खाल्लं की फोन बघ, जिना चढलो की फोन बघ. बायकोने शेवटी विचारलं की या फोनशी लग्न केलंयस का. आणि मशीनच्या आकड्यात दहा-पंधरा टक्के इकडे तिकडे असतंच, १२४ आणि १३१ यांत काही फरक मानू नका.

चहाबाज_४४ | २४ ऑगस्ट, दुपारी १२:२०

धागा वर काढतोय. रिपोर्ट आला.

एचबीए१सी ६.२ चं ५.९. उपाशीपोटी ११२ चं १०३. वजन ६८ चं ६५, कंबर ९४ ची ९०. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं ५.६ येईल आणि मी इथे पेढे वाटीन (कोणी खाल्ले नसते तो भाग वेगळा). डॉक्टर मात्र खूश दिसले, म्हणाले असंच ठेवा, सहा महिन्यांनी परत. उपाशीपोटीचा आकडा हट्टी असतो म्हणाले, रात्री लिव्हर स्वतःच साखर सोडतं, तो सावकाश उतरतो.

काय टिकलं आणि काय नाही तेही लिहितो. दोन पोळ्या टिकल्या. उसळ टिकली, आता मुलगी पण डब्यात मागते. जेवणानंतरची चक्कर ऑफिसात टिकली, घरी पावसाने बारगळली. चहा, दोन महिने बिनसाखरेचा, मग पाव चमच्यावर तह. बिस्किटं पूर्ण सुटली असं म्हणणार नाही, ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की जातात पोटात. आईने परवा स्वतःहून वाटीत भात कमी वाढला, काही बोलली नाही, मीही नाही बोललो.

बुधवारी गणपती. उकडीचे मोदक किती?

लीड्सकर | २४ ऑगस्ट, दुपारी २:०५

अभिनंदन! अंदाजाने सांगतो, तांदळाची पिठी आणि गुळाचं सारण धरून एका मोदकाचे २५ ग्रॅम तरी होतील. तुपाचे शून्य, तूप घ्या. त्या दिवशी पोळी-भात काही न घेता आधी वाटाण्याची उसळ, कोशिंबीर आणि मग दोन मोदक. तिसरा खाल्लात तर इथे लिहू नका.

पंचावन्न_मिनिटं | २४ ऑगस्ट, दुपारी २:३०

५५ मिनिटांत बसतील तेवढे.

आत्याबाई | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

किती खायचे ते नंतर बघू. करणार कोण आहे यंदा?

चहाबाज_४४ | २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

मी. आई उकड काढून देणार, बायको सारण, पाऱ्या आणि कळ्या माझ्याकडे. आज तालीम केली पाव किलो पिठीची.

आत्याबाई | २४ ऑगस्ट, रात्री ९:४४

कळ्या किती पडतायत?

चहाबाज_४४ | २४ ऑगस्ट, रात्री ९:५२

पाच. सहावीला पारी फाटते.